भुसावळहून गुलमर्गच्या छोट्या उतारावर

गुलमर्गला जाऊन आलेल्या आपल्या खान्देशातल्या मंडळींच्या फोनमध्ये बहुतेक एकसारखेच फोटो असतात. भाड्याचा लांब कोट, गुडघ्यापर्यंत गमबूट, मागे गोंडोलाचे, म्हणजे रोपवेचे डबे. पायात स्की असलेला फोटो क्वचित, आणि असला तरी उभ्याउभ्या काढलेला. असं का होतं ते सरळ आहे. श्रीनगरहून निघायलाच नऊ वाजतात, तंगमर्गला गाडी बदलण्यात तास जातो, मग गोंडोलाची रांग, मग जेवण, आणि तीन वाजता कोणीतरी म्हणतं, चला, आता स्कीइंग पण करून घेऊ. उरलेल्या वेळात बूटसुद्धा धड चढत नाहीत.

स्कीइंगच करायचं असेल तर बेत उलट्या बाजूनं आखावा लागतो. नवख्या माणसाला लागतो तो गुलमर्गच्या कुरणातला छोटा उतार. तिथे सगळे त्याला ‘बेबी स्लोप’ म्हणतात. चालत दहा मिनिटांत वर जाता येईल एवढाच तो आहे, खाली सपाट मोकळी जागा आहे, त्यामुळे थांबता आलं नाही तरी आपोआप थांबायला होतं. त्या उतारावर सलग चार-पाच तास मिळाले तर एरवी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत वळायला आणि थांबायला शिकतो. बाकी सगळं, म्हणजे रेल्वे, मुक्काम, जेवण, गोंडोला, त्या तासांच्या सोयीनं बसवायचं.

तारखा आधी. काश्मीरचा कडक हिवाळा २१ डिसेंबरला सुरू होतो. पहिले चाळीस दिवस ‘चिल्लई कलां’, पुढचे वीस ‘चिल्लई खुर्द’, शेवटचे दहा ‘चिल्लई बच्चा’. शिकाऊ माणसासाठी जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीअखेर हा काळ बरा, कारण तोवर कुरणावर जाड थर बसलेला असतो. पण खात्री कोणी देऊ नये. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ महिनाभर कोरडं होतं, आणि २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. इथला बर्फ पश्चिमी चक्रावातांवर अवलंबून असतो. ते आले तर बर्फ, नाही आले तर नुसती कोरडी थंडी. हे चक्रावात आपल्याला परके नाहीत. ते सरकून गेले की मागून उत्तरेचे गार वारे आपल्याकडे उतरतात आणि रावेर-यावलच्या केळीला चरका बसतो. तेव्हा रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी करावंच लागतं, पण निघण्याच्या आठवड्यात काश्मीरचा हवामान अंदाज रोज बघावा.

पहिला दिवस: भुसावळ आणि सामान

पुण्याहून जम्मूला जाणारी ११०७७ झेलम एक्सप्रेस भुसावळला रात्री उशिरा येते. खान्देशातून गाडी न बदलता जम्मू गाठायला ही सोयीची. नंदुरबारच्या मंडळींनी ताप्ती लाइननं भुसावळला यावं, धुळेकरांना मनमाडही चालेल. गाडी मध्यरात्रीनंतर येत असेल तर तिकिटावरची तारीख कोणत्या रात्रीची आहे ते दोनदा वाचा. ही चूक फलाटावर गेल्यावरच कळते.

सामानात सर्वांत आधी जीन्स बाहेर काढा. कापसावर जगणाऱ्या मुलखाला हे सांगणं जिवावर येतं, पण बर्फात सुती कपडा घातकच. सूत पाणी धरून ठेवतं, ओलं झालं की अंगाला चिकटतं आणि उबेऐवजी गारठा देतं. नवखा माणूस दिवसात पंचवीस-तीस वेळा पडतो, त्यामुळे कपडे ओले होणारच हे धरून चालायचं. अंगालगत थर्मल हवं, पॉलिस्टर किंवा लोकरीचं. त्यावर फ्लीस, त्यावर पाणी न झिरपणारं जाकीट. खाली थर्मल आणि वॉटरप्रूफ पॅंट. जाकीट जाडजूड नको. स्की करताना घाम येतो, म्हणून चेन उघडून हवा आत घेता येईल असं घ्या. आपल्याकडे जानेवारीत पारा आठ-दहावर उतरला की आपण शेकोटी पेटवतो. तिथे दिवसा शून्याच्या आसपास आणि रात्री उणे आठ-दहा असतं. तरी उन्हात उतारावर हालचाल करताना पातळ तीन थर पुरतात, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला पटत नाही.

हातमोजे विणलेले लोकरीचे नकोत. पाव तासात ते भिजतात आणि बोटं बधिर होतात. वॉटरप्रूफ, मनगटावर आवळता येणारे घ्या. पायमोजे पातळ, गुडघ्याखालपर्यंत लांब, दोन जोड. दोन मोजे एकावर एक घालणं ही अगदी हमखास होणारी चूक आहे, तिच्याबद्दल पुढे सांगतो. गॉगल असा हवा की बाजूनं ऊन शिरणार नाही. ताजा बर्फ अतिनील किरणांचा सुमारे ८० टक्के भाग परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलासुद्धा सनस्क्रीन लागतं. उन्हातान्हात वावरणाऱ्या माणसाला याचं हसू येतं, पण दुसऱ्या दिवशी सोललेलं नाक बघून ते थांबतं.

घरीच करायचं आणखी एक काम म्हणजे पाय मोजणं. टाच भिंतीला लावून उभं राहा आणि अंगठ्याच्या टोकापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या, दोन्ही पायांचं. स्की-बुटाचा नंबर या लांबीवरच असतो. साडेसव्वीस सेंटिमीटर पाय म्हणजे २६.५. आपल्या चपलेचा आठ नंबर तिथल्या पोराला सांगितला तर तो अंदाजानं काहीतरी काढून देतो, आणि अंदाज नेहमी सैल बाजूला असतो.

सिमकार्ड प्रीपेड असेल तर जम्मू-काश्मीरमध्ये ते बंद पडतं. गटात निदान दोघांकडे पोस्टपेड हवं. आधार कार्डं मूळ स्वरूपात घ्या.

खाण्याचं सांगायला नको, पण एक सूचना. केळीचे वेफर्स, शेंगदाण्याची चटणी, दशम्या हे उतारावर खिशात ठेवायलाही चालतं. ताजी केळी गाडीतच संपवा. थंडीत ती काळी पडतात.

दुसरा दिवस: गाडी आणि कटरा

आदला दिवस आणि रात्र गाडीत जाते. भोपाळ, झाशी, दिल्ली, अंबाला. सांगण्यासारखं काही नाही. जाकीट हाताशी ठेवा, कारण दिल्लीनंतर रात्री स्लीपरच्या फटींमधून वारा येतो.

जम्मूला गाडी सकाळी पोचायची असते, पण हिवाळ्यात धुक्यानं चार-पाच तास उशीर ठरलेलाच. म्हणून त्याच दिवशी दुपारची श्रीनगरची गाडी पकडायचा बेत करू नये. तो कागदावर सुंदर दिसतो आणि मथुरेच्या धुक्यात मोडतो. कटऱ्याला मुक्काम करा. जम्मूहून रस्त्यानं सुमारे ५० किलोमीटर आहे. यात्रेचं गाव असल्यानं खोल्या मिळतात, जेवण शाकाहारी. वैष्णोदेवीला चालत जाण्याचा मोह मात्र आवरा. चढ-उतार मिळून २५ किलोमीटरच्या आसपास होतात, आणि दोन दिवसांवर स्कीइंग असताना मांड्या आधीच भरून आल्या तर सगळंच मुसळ केरात.

तिसरा दिवस: कटरा ते श्रीनगर

कटरा-श्रीनगर वंदे भारत ६ जून २०२५ ला सुरू झाली. सुमारे १९० किलोमीटर, तीन तास. सकाळची घ्या. स्थानकावर सामानाची तपासणी कडक असते, त्यामुळे तासभर आधी पोचलेलं बरं. गाडी कटऱ्याहून सुटते की जम्मूहून, हे तिकीट काढतानाच बघून घ्या, त्यात बदल होत असतात.

भुसावळ म्हणजे रेल्वेचं गाव, तेव्हा या मार्गाबद्दल दोन शब्द जास्तच लिहायला हवेत. आधी अंजी खड्डचा पूल लागतो, तारांनी तोललेला, एकाच १९३ मीटर उंच खांबावर, लांबी ७२५ मीटर. रियासीनंतर चिनाबचा कमानी पूल, नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच आणि १३१५ मीटर लांब. पुढे बनिहाल ते काझीगुंड पीर पंजालचा बोगदा ११ किलोमीटरांहून जास्त. तो संपला की एकदम सपाट, पांढरं खोरं समोर येतं. पूल बघायला खिडकी मिळाली तर उत्तम, पण दोन्ही पूल मिनिटाभरात जातात आणि आधी-मागे बोगदेच बोगदे, त्यामुळे मोबाइल आधीपासून हातात धरून बसावं लागतं. या गाडीच्या पुढच्या काचेत तापवणाऱ्या तारा आहेत, धुकं आणि बर्फ साचू नये म्हणून. ही खास काश्मीरसाठी केलेली सोय.

श्रीनगर स्थानक नौगामला आहे, शहराबाहेर. लाल चौक किंवा राजबागेच्या बाजूला मुक्काम केला तर दुसऱ्या दिवशी तंगमर्गच्या रस्त्याला लागायला सोपं पडतं. दल सरोवरात हाउसबोटवर राहिलात तर सकाळी शिकाऱ्याची वाट बघण्यात अर्धा तास जातो. हाउसबोट परतीच्या दिवसासाठी ठेवा.

दुपार रिकामी ठेवा. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १५८५ मीटरवर आहे आणि गुलमर्ग २६५० मीटरवर. आपलं नंदुरबारकडचं अस्तंभ्याचं शिखर १३२५ मीटर, म्हणजे गुलमर्गचं सपाट कुरणच त्याच्या दुप्पट उंच. तिथे हवेचा दाब जळगावपेक्षा चतुर्थांशानं कमी असतो. आजारी पडण्याइतकं ते नाही, पण स्की खांद्यावर घेऊन वीस पावलं चढलं की धाप लागते आणि डोकं जड होतं. पाणी भरपूर प्या. थंडीत तहान लागत नाही, म्हणून लक्ष ठेवून प्यावं लागतं.

खोलीत बुखारी, म्हणजे लाकडा-कोळशाची बंद शेगडी, किंवा गॅस हीटर असेल तर झोपताना बंद करा किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा. कांगडी, म्हणजे कोळशाची शेगडी, पांघरुणात घेऊन झोपू नका. बंद खोलीत साचणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, आणि दरवर्षी त्यात माणसं जातात.

चौथा दिवस: उतार

सात वाजता गाडी सुटलीच पाहिजे. न्याहरी आदल्या रात्री सांगून ठेवा, नाहीतर आठ वाजेपर्यंत चहा येतो. तंगमर्गपर्यंत ३८-४० किलोमीटर, तास-सव्वा तास. तिथून गुलमर्ग १३ किलोमीटर, सगळी चढण. रस्त्यावर बर्फ असेल तर पुढे फक्त चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकं ओढणाऱ्या गाड्या सोडतात, आणि त्या स्थानिक युनियनच्या असतात. दर फलकावर लावलेले असतात, ते वाचूनच बसा. श्रीनगरच्या गाडीवाल्याशी ‘संध्याकाळी साडेचारला तंगमर्गला’ असं पक्कं करा आणि त्याचा नंबर पोस्टपेडवाल्याकडे ठेवा.

तंगमर्गलाच कोट आणि गमबूटवाले गाडीभोवती जमतात. स्की करणाऱ्यानं काहीही घेऊ नये. तो कोट पाच किलोचा असतो, पडल्यावर त्यात पाय अडकतात, आणि गमबूट तर वर गेल्यावर काढायचेच असतात. गटातले आबा-मावशी जे उतारावर उतरणार नाहीत, त्यांच्यासाठी मात्र गमबूट चांगले.

गोंडोलाचं त्यांच्यापुरतंच बघा. तिकीट ऑनलाइन, तारखेसह, आधी काढावं लागतं. खिडकीवर मिळेल या भरवशावर जाऊ नये. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, ३००० मीटरच्या वर. दुसरा अफरवतच्या खांद्यापर्यंत, ३९०० मीटरच्या पुढे. वयस्कर माणसांना पहिला टप्पा पुरे. दुसऱ्या टप्प्याला वाऱ्यानं बऱ्याचदा कुलूप लागतं, आणि तिथून खाली स्कीवर उतरणं हे नवख्याचं काम नाही. त्या मोकळ्या उतारांवर हिमस्खलनात फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये परदेशी, चांगले सराईत स्कीपटू गेले आहेत. रस्त्यात कोणी ‘गोंडोला आज बंद आहे, चला घोड्यावर’ म्हणालं तर आधी गोंडोलाच्या इमारतीपर्यंत जाऊन खरं काय ते बघा.

दहाच्या सुमारास स्की भाड्याच्या दुकानात. इथे घाई करायची नाही. दिवस कसा जाणार ते बुटावर ठरतं.

दर ठरवताना चार गोष्टी मोकळ्यानं विचारा. भाड्यात बूट, स्की आणि काठ्या तिन्ही आहेत का. शिकवणारा आहे का, आणि तो किती तास. एकाच वेळी किती जणांना शिकवणार. हेल्मेट आहे का. तासाचा दर घेऊ नका, दिवसाचा घ्या. तासाच्या दरात शिकवणारा हात धरून दोन चकरा मारून आणतो, व्हिडिओ काढतो आणि सोडतो. एका शिक्षकामागे तिघांपेक्षा जास्त नकोत.

बूट असा बघायचा. आधी आतला मऊ भाग बाहेर ओढून तो ओला आहे का ते हातानं चाचपा. आदल्या दिवशीचा ओला बूट अकरा वाजता बोटं गोठवतो. मोजा एकच, पातळ, त्याला चुणी नको. थर्मलचा पाय बुटाच्या बाहेर. कापडाची घडी आत गेली की नडगीवर तासाभरात लाल वळ उठतो, आणि माणूस ‘बूट चावतोय’ म्हणून बकल सैल करतो, मग स्की हातात राहत नाही. पाय आत घालून टाच जमिनीवर दोनदा आपटा, म्हणजे ती मागे बसते. बकल बहुतेक चार असतात. घोट्याजवळची दोन आधी आणि घट्ट, वरची त्यानंतर, बोटांजवळचं नुसतं अडकवलेलं. आता ताठ उभं राहिलं तर अंगठा समोर हलका टेकला पाहिजे, आणि गुडघे पुढे वाकवले की तो सुटला पाहिजे. टाच वर उचलून बघा. ती बुटात उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, लहान नंबर घ्या. अहिराणीत सांगायचं तर ‘घट्ट से, पन दुखत नही’ असा. दोन मोजे घातले की हा सगळा हिशेब चुकतो, शिवाय रक्त अडतं आणि उबेऐवजी पाय गारच पडतो.

बूट उलटा करून तळ बघायला विसरू नका. भाड्याचे बूट सडकेवरून चालवून पुढचे आणि मागचे कान झिजलेले असतात. त्या कानांनाच बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीवर अडकवणारी पकड, धरतं. ते फार झिजले असतील तर स्की सुटायला हवी तेव्हा सुटत नाही किंवा नको तेव्हा सुटते.

बाइंडिंगवर, पुढे आणि मागे, छोट्या खिडकीत एक आकडा असतो. पडल्यावर किती जोरानं स्की पायातून सुटेल ते तो ठरवतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि माणूस किती सरावलेला आहे, यावरून तो काढतात. साठ ते पंचाहत्तर किलोच्या नवख्याला साधारण ४ ते ५.५ असतो, पन्नाशीच्या पुढे आणखी थोडा कमी. तुमच्या स्कीवर आठ किंवा नऊ दिसला तर तो आधीच्या भारी गड्याचा राहिलेला आहे. कमी करून द्या म्हणा, स्क्रू-ड्रायव्हरचं दोन मिनिटांचं काम आहे. पण ते दुकानदारालाच करू द्या, आणि दोन्ही पायांचे, पुढचे-मागचे चारही आकडे बघा. गुडघ्याच्या दुखापती जास्त करून न सुटलेल्या स्कीनं होतात.

स्कीची लांबी हनुवटी ते नाकाच्या मध्ये. १६५ सेंटिमीटर उंचीला १४५ ते १५५ पुरे. लांब स्की दिली तर वळताना झगडावं लागतं. काठी उलटी करून चकतीखाली धरली आणि कोपर काटकोनात आलं की ती बरोबर. पट्टे मनगटात अडकवू नका. पडताना काठी हातात राहिली की अंगठा उलटा ओढला जातो, आणि तो सांधा महिनोन्‌महिने दुखतो.

अकराच्या आत उतारावर. सकाळी वरचा थर रात्रीच्या गोठणीनं कडक असतो, करकर वाजतो, स्की सरकते पण धरत नाही. अकरा ते एक सर्वांत चांगला. दुपारनंतर ऊन असेल तर बर्फ चिकट होतो, फेब्रुवारीअखेर तर लापशीसारखा, आणि स्कीचं टोक त्यात रुतून माणूस पुढे फेकला जातो. ढग आले की सावल्या पुसल्या जातात, खड्डा-उंचवटा कळत नाही. अशा वेळी पिवळ्या किंवा नारिंगी काचेचा गॉगल कामी येतो.

स्की घालताना बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ काठीनं खरवडून काढा. तळाशी बोटभर गोळा राहिला तर टाच बसत नाही. कितीही दाबलं तरी ‘खट्’ वाजत नाही, आणि दहापैकी आठ जण बाइंडिंगच बिघडलंय समजून दुकानाकडे निघतात. उतारावर असाल तर स्की आडव्या ठेवा आणि खालच्या पायाची आधी घाला.

पहिली वीस मिनिटं सपाटीवर, एकाच स्कीवर. एक पाय बुटानं ढकलायचा, दुसरा सरकू द्यायचा. मग पाय बदला. नंतर दोन्ही घालून आडवं चढणं: स्की उताराला बरोबर आडव्या, वरच्या कडेनं बर्फात खाच पाडत एकेक पाऊल. स्कीची टोकं जरा जरी खाली वळली की सरकायला लागतं. पायऱ्यांची ही चढण घामाघूम करते, पण लिफ्टच्या रांगेपेक्षा पहिला तास याचाच फायदा होतो, कारण कडा कशी धरते ते पायाला कळतं.

पडायचंही शिकून घ्या. बाजूला, चढाच्या अंगाला, हात पुढे ठेवून. मागे हात टेकवला की मनगट गेलं. उठताना आधी स्की तुमच्या खालच्या बाजूला आणि उताराला आडव्या आणा, मग ढोपराखाली पाय घेऊन उठा. स्की वरच्या बाजूला राहिल्या तर कितीही जोर लावा, उठता येत नाही. नाहीच जमलं तर वरच्या पायाची स्की काढून उठा, त्यात कमीपणा नाही.

मग नांगर, म्हणजे वेग आवरायची आणि थांबायची पद्धत, इंग्रजीत ‘स्नोप्लाऊ’. पुढची टोकं वीतभराहून कमी अंतरावर, मागची शेपटं लांब फाकलेली, टाचा बाहेर ढकलून आतल्या कडा बर्फात. नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली, हात पुढे, नजर समोर. जास्त फाकवलं की वेग कमी, आणखी फाकवलं की थांबा. वळण्यासाठी वजन बदलायचं: उजव्या पायावर भार दिला की डावीकडे वळतो, डाव्यावर दिला की उजवीकडे. खांदे फिरवून काही होत नाही.

सगळ्यांचं बिनसतं ते एकाच जागी. वेग वाढला की भीतीनं माणूस मागे झुकतो, खुर्चीत बसल्यासारखा. वजन शेपटांवर जातं, पुढचा भाग हलका होतो, आणि स्की वळायला मुळी पुढच्याच भागावर वजन लागतं. मग ती सरळ धावते, वेग आणखी वाढतो, माणूस आणखी मागे झुकतो. उपाय उरफाटा वाटतो, पण तोच आहे: भीती वाटली की नडगी आणखी पुढे दाबा. शिकवणारे ‘आगे, आगे’ ओरडतात ते याचसाठी. दुसरं, स्कीच्या टोकांकडे बघणं. बघितलं की पाठ वाकते आणि टोकं एकमेकांवर चढतात.

दुपारी एकला अर्धा तास सुट्टी. राजमा-चावल, चहा, बुटाची बकलं पूर्ण उघडी. बूट काढू नका, थंडीत परत चढत नाहीत. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. बाहेर ठेवला तर साठ टक्क्यांवरून एकदम बंद पडतो.

दुपारनंतर पायाला जमलं असेल तर ड्रॅग-लिफ्ट. दोरीला अडकवलेली चकती किंवा दांडी मांड्यांमागे येते आणि ओढत वर नेते. तिच्यावर बसायचं नाही, ती फक्त ढकलते. बसलात की खाली. स्की समांतर, गुडघे सैल, आणि पडलात तर लगेच बाजूला सरका, मागचा माणूस येतोच आहे. वर पोचल्यावर आधी सोडून बाजूला व्हा, फोटो नंतर. तीन-साडेतीनला थांबा. थकलेल्या पायांनी मारलेली शेवटची एक चकर हीच बहुतेक पडण्याची. सूर्य डोंगराआड गेला की रस्ता काचेसारखा गोठतो, म्हणून चारला गुलमर्ग सोडलेलं बरं. स्लेजवाले परतीच्या वाटेवर गाठतातच. एकानं ओढायचं आणि एकानं बसायचं, हा प्रकार ज्याला आवडतो त्यानं करावा.

पाचवा दिवस: राखीव

हा दिवस काहीही न ठरवता ठेवावा. चौथ्या दिवशी बर्फ पडत राहिला आणि रस्ता बंद झाला तर उतार आज. चौथा दिवस नीट गेला असेल तर आज पुन्हा अर्धा दिवस जाणं सर्वांत फायद्याचं: काल जे डोक्यानं केलं ते आज पाय आपोआप करतात. मांड्या आणि नडग्या दुखतील, जिना उतरताना जास्त. गरम पाण्यात पाय, हलकं चालणं, एवढंच. गुडघा सुजला असेल किंवा जागच्या जागी निसटतोय असं वाटलं तर मात्र स्कीचं नाव नको. श्रीनगरमध्येच हाडाच्या डॉक्टरला दाखवा. प्रवास विम्यात साहसी खेळ धरलेले आहेत का ते निघण्याआधीच वाचून ठेवावं. बऱ्याच साध्या पॉलिसींत ते वगळलेले असतात.

ज्यांना जायचंच नाही त्यांनी सकाळी लवकर हरिसा खावा, मटण रात्रभर शिजवून घोटलेलं. हे हिवाळ्यातच मिळतं आणि नऊ-दहापर्यंत संपतं. शाकाहारी मंडळींना हाक (पालेभाजी), नदरू (कमळाचे देठ) आणि राजमा आहेच.

परतीचा प्रवास

श्रीनगरची गाडी आणि जम्मूची झेलम यांच्यात एक रात्र मोकळी ठेवा. जाताना धुकं आडवं येतं, येताना बर्फ. ओले कपडे पिशवीत कोंबून दोन रात्री प्रवास केला तर वास घरापर्यंत येतो. थर्मल आणि मोजे श्रीनगरलाच हीटरपासून हातभर लांब वाळवा, जाकीट आणि हातमोजे वाऱ्यावर. वॉटरप्रूफ कापडाला कपड्यांचा सॉफ्टनर लावू नका, वरचा लेप निकामी होतो. साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवलं तर तेच जाकीट पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या कोणाला देता येतं.